कड्यापासून जरा मागे

भाच्याने दिवाळीत नवा तंबू घेतला आणि लगेच फोटो यायला लागले. स्वतःचे नाहीत, नेटवरचे. सगळे एकाच घराण्यातले. तंबूचं दार उघडं, दारातून मोजे घातलेले दोन पाय बाहेर आलेले आणि पायांपुढे थेट दरी. खाली त्याचा मेसेज: ‘मावशी, डिसेंबर. हरिश्चंद्रगड. तंबू कोकणकड्यावर. फायनल ना?’

मी लिहिलं, ‘गड फायनल. कडा नाही.’

त्यावरून जो वाद पेटला तो नाशिक सोडून राजूरला चहा पिऊन होईपर्यंत विझला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. एवढं चढून जायचं, तर जिथून दिसतं तिथेच झोपायचं. माझं म्हणणं त्याहून सरळ. डोळे मिटल्यावर दरी दिसत नाही. डिसेंबरात सहाला अंधार पडतो आणि सातला उजाडतं. या वेळातला बहुतेक काळ माणूस स्लीपिंग बॅगेत नाकापर्यंत शिरलेला असतो. त्या वेळात त्याला लागतं काय? पाठीखाली सपाट जमीन, अंगावर वारा नाही, हाताशी पाणी आणि पहाटे आडोशाला जायला जागा. यातलं काहीही त्या दोन पायांच्या फोटोत येत नाही. सूर्यास्त कड्यावर बघावा, पोटावर झोपून खाली डोकवावं, हवे तेवढे फोटो काढावेत. पण अंथरूण घालायला मागे यावं.

कोकणकडा बघितलेल्याला त्याचं वर्णन सांगायला नको, न बघितलेल्याला सांगून उपयोग नाही. तरी सांगते. हा नुसता उभा कडा नाही, तो आत वळलेला आहे, नागाने फणा काढावा तसा. कडेवर आडवं होऊन डोकं बाहेर काढलं की आपल्याखालचा खडक मागे मागे जाताना दिसतो आणि पार तळाशी कोकणातल्या वाड्या. खालच्या जमिनीपर्यंतचा फरक किलोमीटरच्या आसपास. दिवसा कोकण तापतं, तिथली हवा या भिंतीला लागून वर चढते, शिवाय दुपारनंतर समुद्राकडचा वारा. संध्याकाळी कड्यावर टोपी उडते ती बहुधा मागे, पठारावर येऊन पडते. लोकांना त्याची मोठी मजा वाटते. पण अंधार पडून जमीन गार झाली की हा खेळ उलटतो. हिवाळ्यात रात्रीचा वारा बहुधा पूर्वेकडून, पठारावरून दरीकडे वाहतो. म्हणजे संध्याकाळच्या वाऱ्याच्या अंदाजाने दार पूर्वेला करून तुम्ही तंबू लावला, तर मध्यरात्री वारा त्याच दारातून आत शिरतो आणि तंबू दरीच्या दिशेने फुगवतो. कड्याजवळच्या कातळात मेख आधीच नीट शिरलेली नसते.

‘पण इंद्रवज्र?’ भाच्याने गाडीत शेवटचा पत्ता टाकला. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथे पाहिलेल्या गोल इंद्रधनुष्याची नोंद 1835ची आहे आणि कोकणकड्याचं नाव निघालं की ती निघतेच. मी म्हटलं, इंद्रवज्राला दरीत ढग लागतात आणि पाठीशी ऊन. म्हणजे ते दिवसाउजेडीचं काम. तंबू मंदिरापाशी असला तरी अर्ध्या तासात कड्यावर येता येतं. दिसायचं असेल तर दिसेल.

गडावर यायच्या वाटा बऱ्याच. पाचनईची सगळ्यांत सोपी, खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी लांबलचक आणि बेलपाड्याकडून नळीची वाट, जी पायांइतकीच हातांनी चढावी लागते. आम्ही पाचनईने गेलो, कारण बरोबर माझी मोठी बहीण होती आणि तिचे गुडघे. या वाटेने येताना मला दर वेळी एकच गोष्ट जाणवते. एवढा अफाट गड, एवढे माथे, तारामतीचं शिखर 1,400 मीटरच्याही वर. पण हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ यातल्या कुठल्याच माथ्यावर नाही. ते आहे तारामतीच्या कुशीतल्या खोलगट भागात. शेजारून मंगळगंगेचा ओढा जातो. भोवती लेणी आणि टाकी. पूर्वेला पुष्करणी. जरा खाली केदारेश्वराच्या गुहेत कंबरभर गार पाण्यात ती मोठी पिंड आणि चारांपैकी उरलेला एक खांब. ज्यांनी हे सगळं कोरलं त्यांना कोकणकडा दिसला नसेल असं थोडंच आहे? बघितला असणार, नमस्कारही केला असणार, आणि राहायला ते इकडे आले.

सह्याद्रीत हे जागोजागी दिसतं. नाणेघाटात वारा माणसाला ढकलतो, पावसाळ्यात तिथला धबधबा उलटा वर येतो. पण सातवाहनांनी तिथे कोरलेल्या लेण्यात बसलं की बाहेरच्या वाऱ्याचा नुसता आवाज ऐकू येतो. कुलंगवर पाण्याच्या टाक्यांची रांगच्या रांग आहे. राजगडावर पद्मावतीचं देऊळ आणि तळं माचीवर आहे, बालेकिल्ल्याच्या टोकावर नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर हे स्वच्छ लिहिलंय, की आधी उदक पाहून किल्ला बांधावा. नुसत्या झऱ्यावर निश्चिंत राहू नका, असंही पुढे बजावलंय. झुंजात तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून टाकी-तळी हवीतच. किल्ल्यासारख्या किल्ल्याची जागा पाणी बघून ठरवायची आणि आपण एका रात्रीचा तंबू सूर्यास्त बघून ठरवायचा, हे मला पटत नाही. देखाव्याची मी शत्रू नाही. पण रात्रीपुरता त्याचा नंबर चौथा-पाचवा.

म्हणून मग ओढ्याकाठी, अगदी तळातल्या त्या गुबगुबीत गवतावर तंबू टाकायचा का? बहिणीची नजर तिथेच होती. मी नको म्हटलं आणि ती लगेच म्हणाली, ‘बरोबर, खालच्या प्लॉटसारखं होईल.’

हा आमच्या घरातला संदर्भ आहे. आमचं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागांचं. निफाडचा पारा हिवाळ्यात किती घसरला हे पेपरात येतं तेव्हा लोकांना गंमत वाटते, बागाईतदाराच्या पोटात गोळा येतो. कडाका वाढला की तयार मणी तडकतात. आमचे दोन प्लॉट होते, एक बांधावरचा आणि एक नाल्याकडच्या उतारावर अगदी खाली. अंतर असेल हाकेचं. पण कडाक्याच्या रात्री वडील पहाटे शेकोट्या पेटवायला नेहमी खालच्या प्लॉटमध्ये आधी धावायचे. गार हवा जड असते. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला की ती उतारावरून हळूहळू घसरत सगळ्यांत खोल जागी साठते. वरच्या बांधावर स्वेटरवर भागायचं आणि खाली दात वाजायचे. डोंगरात हेच होतं, फक्त उतार मोठे असतात. ओढ्याचा तळ दुपारी सगळ्यांत गोड जागा वाटते आणि पहाटे चारला ती सगळ्यांत वाईट असते. गारठा असतो तो असतोच, वर दंव. तंबूचं कापड बाहेरून भिजतं, आतून आपल्याच श्वासाचं पाणी होऊन थेंब टपकतात आणि माणूस म्हणतो तंबू गळका निघाला.

तेव्हा कड्यावर नाही, तळात नाही. लेणी आहेत साधारण त्या उंचीवर, ओढ्यापासून थोडं वर, तारामतीची पाठ वाऱ्याच्या बाजूला येईल असं. ठरवायला वाटतं तेवढं अवघड नाही. गवत कुठल्या बाजूला कललंय ते बघायचं, झुडपांचे शेंडे कुठे झुकलेत ते बघायचं. एक झाड मिळालं तर उत्तमच, झाडाखाली दंव कमी पडतं. फक्त मान वर करून वाळकी फांदी आणि आग्यामोहोळ दोन्ही बघून घ्यायचं. मोहोळाच्या बाबतीत सह्याद्रीत हयगय चालत नाही. खाली शेकोटी पेटवली, धूर वर गेला की पळायला वाट पुरत नाही. कडेकपारीत मोहोळ असेल तर त्याच्या खालची जागा कितीही सुंदर असो, सोडून द्यायची.

आम्ही अशी एक जागा हेरली. सपाट, आडोशाची, पाण्याला फार लांब नाही. भाच्याने सॅक उतरवली आणि ज्यांच्याकडे दुपारी पिठलं-भाकरी खाल्ली होती ते पाचनईचे काका लांबूनच म्हणाले, ‘ताई, तिथं नका टाकू.’

‘का हो?’

‘वाट आहे ती.’

मला वाट कुठे दिसेना. मग त्यांनी काठीने दाखवली. गवतातून गेलेली हातभर रुंदीची दबलेली रेघ, मध्ये उकरलेली माती, पुढे सरळ पाण्याकडे. ‘डुकरं उतरतात रातच्याला. तुम्ही मधी झोपल्यावर ती कुठनं जाणार?’ प्रश्न डुकरांच्या बाजूने विचारलेला होता आणि मला तो फार योग्य वाटला. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, 1986पासून. पाणवठ्याजवळ तंबू लावला की आपल्याला पाणी जवळ होतं आणि बाकीच्या सगळ्यांना लांब. दिवसभर माणसं असतात म्हणून जनावर रात्रीची वाट बघतं, रात्री येऊन बघतं तर तिथे हेडटॉर्च. पाण्यापासून निदान साठ-सत्तर पावलं तरी मागे राहावं, भांडीही काठावर घासू नयेत. गावातल्या माणसाला जागा विचारणं हा माझ्या मते सगळ्यांत खात्रीचा उपाय आहे. फक्त ‘तंबू कुठे लावू’ असं विचारू नये, कारण ते पाहुणचार म्हणून ‘लावा की कुठंबी’ म्हणतात. ‘इथे लावू का?’ असं बोट दाखवून विचारलं की खरं उत्तर येतं.

काकांनी दाखवलेली जागा तीसेक पावलं वर होती. फोटोत अजिबात न येण्यासारखी.

तिथे तंबू उभा करताना भाचा खुंट्यांना टेकवायला दगड शोधायला निघाला आणि एका जोत्याचाच दगड हलवायला लागला. मी ओरडले. गडांवरच्या तंबूवाल्यांचं हे एक मला फार खुपतं. किल्ल्यावर सपाट जागा दिसते ती बहुतेक वेळा निसर्गाने केलेली नसते. ती कुणाच्या तरी घराचं, सदरेचं, कोठाराचं जोतं असते. तीनशे वर्षं ऊन-पाऊस खाऊन जे दगड जागेवर राहिले ते शनिवारी रात्री ताण-दोरीला वजन म्हणून उचलले जातात, तीन दगडांची चूल होते, सकाळी काळे पडलेले तिथेच टाकून मंडळी उतरतात. पुढच्या शनिवारी दुसरे तीन. वजनच हवं असेल तर पिशवीत माती भरावी, झुडपाच्या बुंध्याला दोरी बांधावी, नाहीतर मेख शिरेल अशी जागा शोधावी. आज्ञापत्रात केरकचऱ्याचंही आहे बरं का. गडावर केर पडू द्यायचा नाही, खालीही टाकायचा नाही, जागच्या जागी जाळून ती राख परसात घालून भाजीपाला करायचा. तेव्हाच्या केरात प्लास्टिक नव्हतं, त्यामुळे जाळायचं तेवढं सोडून बाकी आजही तसंच. आपला कचरा आपल्या सॅकमधून खाली.

आता ज्याविषयी कुणी लिहीत नाही ते. पहाटे जायचं कुठे? पुरुषमंडळी या प्रश्नावर हसतात, कारण त्यांना जग मोकळं आहे. मला जागा निवडताना हा प्रश्न पाण्याइतकाच मोठा वाटतो. कोकणकड्याच्या उघड्या कातळावर सुट्टीच्या शनिवारी तंबूला तंबू लागलेला असतो. तिथे बाईमाणसाला आडोसा म्हणजे अंधार. म्हणून मग बायका संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, चढून आलेल्या अंगाला पाणी नाही, आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. मला कारवीचं रान जवळ असलेली जागा आवडते ती यासाठी. पाण्यापासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला, वीतभर खड्डा, नंतर माती. सोबत छोटं खुरपं. बहिणीने ते घरून आणलं होतं, बागेतलं. तिला डोंगरातलं काहीही समजत नाही असं ती स्वतः म्हणते.

त्या रात्री साडेअकराच्या सुमाराला वाटेवर टॉर्चचे झोत दिसले. कड्यावरून चार-पाच पोरं अर्धवट गुंडाळलेले तंबू चादरीसारखे कवटाळून येत होती. एकाच्या तंबूची काठी मोडली होती. वारा फिरला म्हणे. त्यांना ओढ्याच्या वर जागा दाखवली, काकांनी कुठूनसा चहा केला. भाचा माझ्याकडे बघत नव्हता. मीही काही बोलले नाही. घरी गेल्यावर बोलायला आयुष्य पडलं होतं.

सकाळी आम्ही कड्यावर गेलो. इंद्रवज्र नव्हतं. दरी स्वच्छ होती, खालची घरं मोजता येत होती.

परतीच्या वाटेवर पुढच्या बेतांची चर्चा झाली. जागा निवडणं आता बरंचसं आपल्या हातात उरलेलं नाही, आणि मला ते पुष्कळदा योग्यच वाटतं. वासोट्यावर मुक्काम करता येत नाही. कोयनेच्या जंगलातला गड, वनखात्याची परवानगी घ्यायची, शिवसागर जलाशयातून बोटीने जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. राहायचं ते अलीकडे बामणोलीच्या काठाला. भाच्याला हिमालयातली बुग्यालं खुणावतात, ती हिरवी कुरणं आणि त्यात रंगीत तंबू. पण उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने 2018मध्येच बुग्यालांवरच्या रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली असलेलं गवत वाढायला थोडेच आठवडे मिळतात, त्यावर तंबूमागून तंबू पडले की खालची जमीन उघडी पडते आणि मग पाऊस ती धुऊन नेतो. आपल्याकडे कासच्या सड्यावर असंच आहे. कातळावर बोटभर मातीचा थर, त्यातच ती सगळी फुलं. तिथे मेख ठोकायची म्हणजे बिछान्यासाठी फुलबाग खणायची.

पवनेकाठच्या तयार कॅम्पांना बहीण तयार होती. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना असे चार किल्ले भोवती आणि मध्ये पाणी, जागेला नाव ठेवायला जागा नाही. तंबू लावलेला, गादी घातलेली, जेवण आयतं, शौचालय आहे. ज्यांना डोंगर लांबूनच हवा आहे त्यांच्यासाठी हे उत्तम आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण शनिवारी रात्री एका कॅम्पचा स्पीकर संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. तिथे जायचंच तर मंगळवारी जावं. जागेइतकाच वार निवडावा, हे पवनेला लागू आहे तसं कोकणकड्यालाही.

पावसाळ्यात मात्र माझा तंबूला सरसकट विरोध आहे. ओढ्याचं पात्र कोरडं दिसतं ते वर पाऊस पडेपर्यंत. आणि तीव्र उताराच्या पायथ्याला तर पाठ टेकूच नये. इर्शाळगडाला जाताना आम्ही इर्शाळवाडीत थांबत असू, ट्रेकला येणारे सगळेच थांबत. 19 जुलै 2023च्या रात्री डोंगर त्या वाडीवर आला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या माणसांना डोंगर कळत नव्हता असं म्हणायची माझी हिंमत नाही. त्यांना दुसरी जागा नव्हती. आपल्याला निवड आहे.

तर आता पुढचा बेत काजव्यांचा ठरलाय, मे संपता संपता, भंडारदऱ्याच्या बाजूला. भाच्याने फोटो पाठवला: अंधारात लखलखणारं झाड आणि बरोबर त्याच्या बुंध्याशी तंबू, आत दिवा लावलेला. मी म्हटलं, झाडाखाली नाही. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते जमतात हे खरं, पण त्यांच्या अळ्या खालच्या ओल्या पालापाचोळ्यात वाढतात, कित्येक जातींच्या माद्याही जमिनीलगतच बसतात. तंबूचं कापड पसरायचं ते नेमकं त्यांच्यावर. आणि आत दिवा लागला की त्यांच्या उजेडाच्या खाणाखुणा एकमेकांना दिसेनाशा होतात. शिवाय वळवाच्या दिवसांत एकट्या उंच झाडाखाली विजेचं भय वेगळंच. तेव्हा तंबू गावात, कुणाच्या तरी अंगणात, आणि काजवे बघायला चालत, टॉर्चला लाल कागद लावून. त्याने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, ‘अंगणात कोंबड्या असतात, मावशी. पहाटे चारला ओरडतात.’

हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. बहिणीचं म्हणणं, कोंबड्या असतील तर रात्री रस्साही होईल. एका घरी फोन करून ठेवलाय. अंगण किती मोठं आहे आणि खुराडं कुठल्या कोपऱ्यात, तेवढं विचारायचं राहिलंय.